पाचवा हात

साताऱ्यात पोवई नाक्याच्या आसपास राहणाऱ्या कुणाला मिक्सर, गीझर, फार कशाला साधी इस्त्री जरी घ्यायची असली, तरी तो आधी दुकानात जात नसे, धनंजय कणसेकडे जाई. धनंजय वजनमाप खात्यात निरीक्षक होता. बाजारातले तराजू तपासून आणि खोटी वजनं जप्त करून त्याचा स्वभाव तसा झाला, की स्वभाव तसा म्हणून ती नोकरी त्याला लागली, हे त्याची बायको पल्लवीलाही सांगता आलं नसतं. कुणी काहीही विचारलं की उत्तर ठरलेलं, "पंधरा दिवसांनी सांगतो." मग ती वस्तू घरी यायची, वहीत रकाने आखले जायचे, आणि सोळाव्या दिवशी तो 'घ्या' किंवा 'घेऊ नका' एवढंच म्हणायचा. लोक मागे हसायचे, पण त्याच्या शब्दाबाहेर जायचे नाहीत.

त्याचे पंधरा दिवस एकदाच अंगाशी आले होते, आणि ते असे आले की त्या दिवसापासून सख्ख्या भावानं तोंड फिरवलं. नऊ वर्षांपूर्वी आईचे ठोके चुकायला लागले. डॉक्टर म्हणाले, पेसमेकर बसवा, फार लांबवू नका. धनंजयनं तीन कंपन्यांचा तक्ता केला. बॅटरी किती वर्षं टिकते हा रकाना भरायचा राहिला होता. बाराव्या दिवशी सकाळी आई चहाचा कप हातात धरूनच गेली. स्मशानातून परतताना थोरला भाऊ हणमंत त्याच्या शेजारी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "अजून तीन दिवस होते की रं तुझे." त्यानंतर तो धनंजयशी एक अक्षर बोलला नाही. दोघांची घरं एका गल्लीच्या अंतरावर होती.

अशा माणसाच्या हाती यंदा घड्याळ आलं. नाव 'स्पंद'. सायकल चालवणाऱ्यांत त्याची फार हवा होती. धनंजय दर रविवारी यवतेश्वरचा घाट चढायचा आणि रोज ऑफिसला सायकलनंच जायचा, तेव्हा हे घड्याळ रोजच्या वापराला आणि सायकलला घेण्यासारखं आहे का, असं त्याला दहा जणांनी विचारलं. दुकानदार हल्ली घड्याळ पंधरा दिवस वापरायलाच देत. धनंजयला वाटलं, जगाला अखेर अक्कल आली.

त्यानं माहितीपुस्तक दोनदा वाचलं. घड्याळाची खुबी अशी होती. हृदयाचा ठोका पडला की रक्ताची लाट महाधमनीतून, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य नळीतून, पुढे धावते. जिथे जिथे फाटे फुटतात तिथे ती थोडी आपटून मागे फिरते. विहिरीत हाक मारली की आवाज परत येतो, तसंच. हे प्रतिध्वनी मनगटापर्यंत पोचतात, पण इतके क्षीण की आजवर कुठल्या घड्याळाला ते पकडता येत नव्हते. 'स्पंद'ला यायचे. महाधमनीच्या भिंतीचा पापुद्रा एखाद्या ठिकाणी आतून सुटू लागला असेल, तर तिथून एक जास्तीचा प्रतिध्वनी येतो, जरासा उशिरा. माणसाला काही कळत नसतं. दुखत नाही, धाप लागत नाही, आणि एक दिवस भिंत फाटते. एरवी हा जास्तीचा प्रतिध्वनी शरीराच्या गोंगाटात बुडून जातो. जोराच्या श्रमानंतर हृदय शांत होत असतं, त्या दोन-तीन मिनिटांत तेवढा तो वर येतो. म्हणून हे घड्याळ आधी घाट चढणाऱ्यांच्या मनगटावर गेलं.

आणखी एक गोष्ट पुस्तकात होती. धमन्यांची ठेवण प्रत्येकाची वेगळी, म्हणून प्रतिध्वनींचा ठसाही वेगळा, अंगठ्याच्या ठशासारखा. वापरून पाहायला दिलेल्या घड्याळाला कुणाचं नाव ठाऊक नसतं, पण हात वेगळे आहेत हे त्याला कळतं. विकत घेताना ज्याच्या मनगटावर असेल त्याला ते कायमचं बांधलं जातं. त्याचा सगळा आलेख खुला होतो आणि बाकीच्या हातांच्या नोंदी पुसून जातात.

धनंजयनं रकाने आखले. 'दिवस २: भाजी चिरताना पाणी उडाले, बिघाड नाही. दिवस ४: झोपेची नोंद संशयास्पद. पल्लवी म्हणते घोरलात, घड्याळ म्हणते गाढ झोप. दिवस ६: घाट. उन्हात आकडे स्वच्छ दिसतात. घामाने पट्टा सरकतो.' पण एकाच वजनानं तराजू तपासत नाहीत, हा त्याच्या धंद्यातला पहिला धडा. म्हणून त्यानं घड्याळ चार हातांवर फिरवलं. स्वतः, पल्लवी, बँकेतल्या कीर्तीताई आणि सायकलचं दुकान चालवणारा इक्बाल मुजावर. प्रत्येकाला घाट चढायला लावला आणि प्रत्येकाची वेळ वहीत टिपली.

अकराव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी सात वाजता, पोहे खाताना फोनवर संदेश आला.

'या घड्याळावर नोंदलेल्या हातांपैकी एका हाताच्या व्यक्तीत महाधमनीच्या भिंतीचा दोष आढळला आहे. श्रम पूर्ण टाळा. बहात्तर तासांच्या आत रुग्णालयात जा.'

त्यानं तो तीनदा वाचला. मग कंपनीच्या केंद्राला फोन लावला. तिकडची बाई सौम्यपणे म्हणाली, "लाखो आलेखांशी ताडून पाहायला आम्हाला काही दिवस लागतात, सर. पण शंका नाही."

"कुणाचा हात? तारीख सांगा. माझ्याकडे वही आहे."

"नियमाप्रमाणे ते आम्हाला उघडता येत नाही. ज्याचा हात आहे त्यानं मनगटावर घालून खरेदी केली, तर फक्त त्याचाच आलेख उघडेल."

म्हणजे चारांतल्या एकाचं नाव निवडायचं. चुकलं तर खऱ्या माणसाची नोंद पुसली जाणार. धनंजयनं फोन ठेवला. पल्लवीनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि गॅस बंद केला.

"चौघांचीही तपासणी करायची," तो म्हणाला. "आजच."

भिंतीची जाडी दाखवणारा स्कॅन साताऱ्यात एकाच रुग्णालयात होत होता, आणि एकाला तास-दीड तास लागत होता. कीर्तीताई म्हणाल्या, "अहो, ऑडिट चाललंय, सोमवारी येते." धनंजय त्यांच्या केबिनमध्ये उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "ताई, तुम्ही उठेपर्यंत मी इथनं हलणार नाही." शिपाई दारातून बघत होता. ताई उठल्या.

शुक्रवारी दुपारी त्याचा स्वतःचा स्कॅन झाला. स्वच्छ. त्याला आनंद झाला नाही. आपण नाही, म्हणजे पल्लवी असण्याची शक्यता वाढली, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. पल्लवी आत गेली तेव्हा तो बाहेरच्या बाकावर बसून मनात घोकत होता, हिचा नको, हिचा नको. मग त्याच्या लक्षात आलं की तिचा नको म्हणजे इक्बालचा असू दे किंवा ताईंचा असू दे, असंच आपण मागतोय. त्याला स्वतःची किळस आली. तरी घोकणं काही थांबलं नाही.

पल्लवी स्वच्छ. शुक्रवारी नंबर न लागलेल्या कीर्तीताई शनिवारी सकाळी स्वच्छ. दुपारी इक्बाल आत गेला. धनंजयनं कॅलेंडर पाहिलं, बारावा दिवस होता. आईही बाराव्या दिवशीच गेली होती.

डॉक्टर घाडगे बाहेर आल्या. धमन्यांची शस्त्रक्रिया करणाऱ्या त्या एकट्याच होत्या तिथे. "मुजावरही ठणठणीत आहेत," त्या म्हणाल्या. "तुमच्या घड्याळानं थट्टा केली बहुतेक."

इक्बाल शर्टाची बटणं लावत आला, पण त्याच्या तोंडावर ठणठणीत माणसाचा आनंद नव्हता. "चला भाऊ, सुटलो," असं काहीतरी पुटपुटून तो घाईघाईनं निघून गेला. धनंजयला ते खटकलं. पण वहीत चार नावं होती, चारही स्वच्छ होती, आणि आपल्या हातच्या नोंदीवर संशय घ्यायची त्याला सवय नव्हती. दुसऱ्याचा तराजू तो दहा वेळा तपासायचा. स्वतःची वही त्यानं आयुष्यात कधी तपासली नव्हती.

रात्रभर त्याला झोप लागली नाही. रविवारी सकाळी साडेसहाला त्यानं केंद्राला पुन्हा फोन केला. "एवढंच सांगा, एकूण हात किती?"

"तेवढं सांगता येईल. पाच, सर."

त्यानं वही उघडून नावं मोजली. नावं चार, हात पाच. तेवढ्यात दारात सायकल पडल्याचा आवाज झाला. इक्बाल धापा टाकत आत आला.

"धनंजयभाऊ, मला माफ करा. घड्याळ माझ्याकडं होतं तवा मी ते एका चढाला दादांना दिलं होतं. तुमच्या हणमंतदादांना."

"दादाला?"

"त्यांनीच मागितलं. त्यांना बी घ्यायचंय. म्हणाले, 'धनू काय म्हणतो तेवढं कळव मला, पण मी विचारलं म्हणून सांगू नको.' पोरीची शपथ घातली मला. भाऊ, गेली नऊ वर्षं असंच चाललंय. फ्रीज घेतला तवा, गाडी घेतली तवा, तुमचं मत माझ्याकडनंच त्यांच्याकडं जातं."

धनंजयनं वही मिटली.

"शुक्रवारीच मी पळत गेलो त्यांच्याकडं," इक्बाल सांगत होता. "सगळं सांगितलं. हसले. म्हणाले, 'धनूचं घड्याळ आणि धनूचा घोळ. त्याला म्हणावं, पंधरा दिवस थांब.' मला वाटलं, आपल्या चौघांतला कुणीतरी निघंल. काल माझं बी कोरं निघालं, तवाच बोलायला पाहिजे होतं. शपथ आडवी आली."

"आत्ता कुठं आहे तो?"

"आत्ताच बघितलं मी. सायकल घेऊन घाटाकडं गेले. हाक मारली, थांबले न्हाईत."

धनंजयनं भावाचा नंबर फिरवला. लागला नाही, धनंजयचा नंबर दादानं नऊ वर्षं अडवूनच ठेवलेला होता. इक्बालच्या फोनवरून लावला. घंटा वहिनीच्या स्वयंपाकघरात वाजली. हणमंत हायस्कुलात खेळाचा शिक्षक, घाट चढताना फोन बरोबर नेत नसे. "काय झालं भाऊजी?" वहिनी नऊ वर्षांनी त्याचा आवाज ऐकून घाबरून विचारत होती. "दवाखान्यात जाऊन थांबा वहिनी, मी आणतो त्याला," एवढंच तो बोलू शकला.

रविवारी सकाळी दहापर्यंत घाट फक्त सायकलींना खुला असायचा, गाड्यांना अडथळे लावलेले. इक्बाल रुग्णवाहिका बोलवायला आणि अडथळे उघडवायला मागे थांबला. धनंजयनं सायकल काढली. घड्याळ मनगटावर होतंच.

पहिल्या वळणाला त्याचे पाय भरून आले. दुसऱ्याला श्वास घशात अडकू लागला. हा घाट त्यानं शेकडो वेळा चढला होता, पण मोजून मापून. कुठे गिअर बदलायचा, कुठे पाणी प्यायचं, सगळं वहीत होतं. आज तो वेड्यासारखा उभ्यानं पायडल मारत होता. सायकल त्याला दादानंच शिकवली होती. मागून सीट धरून पळायचा, आणि सोडल्यावरही "धरलंय, धरलंय" असं ओरडत राहायचा. धनंजय मोठ्यानं रडत चढत होता. खाली उतरणारी दोन पोरं थबकून बघायला लागली.

"निळा शर्ट... पिकलेल्या मिशा... बघितलं का?"

"वरच्या कठड्यावर बसल्यात की."

हणमंत कठड्यावर बसला होता. सायकल बाजूला आडवी पडली होती. उजवा हात मागे, दोन्ही खांद्यांच्या मध्ये नेऊन तो काहीतरी चाचपडत होता. चेहरा पांढराफटक.

"दादा."

हणमंतनं मान वळवली नाही. "इक्बालनं तोंड उघडलं म्हणायचं."

"हलू नको. बसून राहा. गाडी येतीय."

"काय न्हाई. पाठीत चमक भरलीय. फाडल्यागत होतंय जरा." मग तो कसंनुसं हसला. "झालं का पंधरा दिवस?"

धनंजय त्याच्यासमोर गुडघ्यावर बसला. आपल्या मनगटावरचं घड्याळ काढून भावाच्या मनगटावर बांधलं. पट्ट्याचं भोक सापडत नव्हतं. "दादा, आई माझ्यामुळं गेली. मला माहीत आहे. नऊ वर्षं मला माहीत आहे."

"गप."

"तू बोलला नाहीस तरी चालेल. पण तू..."

"आरं गप की." हणमंतनं डोळे मिटले. "मी बी तिथंच होतो. तुझा तो तक्ता रोज येऊन बघत होतो. मला बी वाटलं, धनू बघतोय तर नीट बघू दे. मी कुठं म्हणलं, बसवून टाक म्हणून? नंतर सगळं तुझ्या अंगावर टाकून मोकळा झालो." खालून रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला. धनंजयनं भावाचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला.

रुग्णालयाच्या दारात डॉक्टर घाडगे उभ्या होत्या. त्यांनी हणमंतची नाडी आधी एका हाताला पाहिली, मग दुसऱ्या. दोन्हीकडे ती सारखी लागेना, तसा त्यांचा चेहरा बदलला. "फाटायला लागलीय. स्कॅन करायचा तर तास जाईल, आणि तेवढा वेळ आहे असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. घड्याळातला पूर्ण आलेख मिळाला तर जागा कळेल, थेट आत घेते."

धनंजयनं फोन उघडला. पडद्यावर दोन चौकटी होत्या. 'परत करा' आणि 'खरेदी करा'. त्यानं दुसरीवर बोट ठेवलं. खाली बारीक अक्षरांत बरंच काही आलं. हे घड्याळ सध्याच्या मनगटाशी कायमचं जोडलं जाईल, बाकी चार हातांच्या नोंदी पुसल्या जातील, अटी मान्य आहेत का, हमी किती, बॅटरी किती वर्षं. बॅटरी हा शब्द दिसताच त्याचं बोट क्षणभर अडलं. मग त्यानं एकही ओळ न वाचता 'मान्य' दाबलं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यानं न वाचता काही घेतलं.

आलेख उघडला. डॉक्टरांनी फोन जवळजवळ हिसकावून घेतला आणि चालता चालता आतल्या माणसांना जागा सांगू लागल्या. त्या एकदा मागे वळल्या. "आलेख स्वच्छ आहे. पण मी शब्द देत नाही. निम्मे जगतात." एवढं बोलून त्या आत गेल्या. वहिनी भिंतीशी उकिडवी बसली होती. पल्लवीनं तिला धरलं होतं.

स्ट्रेचर शस्त्रक्रियेच्या खोलीपाशी आलं तेव्हा हणमंतनं डोळे उघडले. औषधानं जीभ जड झाली होती. त्यानं मनगट थोडं वर केलं.

"मग? काय ठरलं तुझं? घेण्यासारखं हाय का?"

"घेतलं, दादा."

"कधी?"

"आत्ता."

हणमंतनं हिशेब करायचा प्रयत्न केला. "आज तेरावा ना?"

"तेरावा."

"पंधरा झालं न्हाईत अजून."

"नाही झाले. वाचलंसुद्धा नाही काही."

हणमंतच्या डोळ्यांच्या कडांनी पाणी आलं. पण तो हसत होता, लहानपणी सीट सोडून दिल्यावर हसायचा तसाच. दार उघडलं. आतला थंड वारा बाहेर आला. "धनूनं न बघता घेतलं," तो पुटपुटला. "आईला सांगितलं पाहिजे."

धनंजय स्ट्रेचरच्या दांडीला धरून दोन पावलं ओढला गेला. कुणीतरी त्याची बोटं सोडवली.

"एवढ्यात नको सांगू, दादा," तो मिटणाऱ्या दाराला म्हणाला. "एवढ्यात नको."